प्रवेशअर्जातला तो प्रश्न कोरा सोडू नका

संपादक महोदय,

इंग्लंडमधल्या एका फर्दर एज्युकेशन कॉलेजात मी लर्निंग सपोर्ट विभागात काम करते. अपंग विद्यार्थ्यांना वर्गात, वर्कशॉपमध्ये आणि परीक्षेत लागेल ती मदत मिळवून देणं हे आमचं काम. आपलं वृत्तपत्र इथली बरीच मराठी घरं मोबाइलवर वाचतात आणि त्यांचे आई-वडील, काका-मावश्या ते महाराष्ट्रात वाचतात. मला दोघांशीही बोलायचं आहे. पत्र लांबलं तर सांभाळून घ्यावं.

आधी हे कॉलेज म्हणजे काय ते सांगते. सोळाव्या वर्षी जीसीएसई ही आपल्या दहावीसारखी परीक्षा झाली की इथली कितीतरी मुलं शाळा सोडून आमच्यासारख्या कॉलेजात येतात. कुणी प्लंबिंग, सुतारकाम, केटरिंग, बालसंगोपन शिकतं, कुणी बारावीच्या तोडीचं ए-लेव्हल किंवा टी-लेव्हल करतं. त्याच इमारतीत संध्याकाळी चाळिशीतली माणसं इंग्रजी शिकायला येतात. इंग्लंडमध्ये अठरा वर्षांपर्यंत कुठल्या ना कुठल्या शिक्षणात किंवा प्रशिक्षणात राहावंच लागतं, त्यामुळे शाळेत अडखळलेली मुलंही आमच्याकडे येतात. आणि आली की पहिल्यांदा एक फॉर्म भरतात.

त्या फॉर्मवर एक प्रश्न असतो. तुम्हाला काही अपंगत्व, शिकण्यातली अडचण किंवा दीर्घकाळचा आजार आहे का? आपल्या मुलांच्या अर्जात याचं उत्तर बऱ्याचदा ‘नाही’ असतं, नाहीतर जागा कोरी असते. मग सप्टेंबरात वर्ग सुरू होतात, ऑक्टोबर उजाडतो आणि एखादे शिक्षक आमच्याकडे येऊन म्हणतात की हा मुलगा तोंडी सगळं सांगतो, पण कागदावर काहीच उतरत नाही. चौकशी केली की कळतं, डिस्लेक्सियाचं, म्हणजे वाचण्या-लिहिण्यातल्या अडचणीचं, निदान तिसरीतच झालेलं आहे आणि रिपोर्ट घरी कपाटात आहे.

असं का होतं हे मी अनेक पालकांकडून ऐकलं आहे. प्रवेश नाकारतील. मुलाच्या नावावर कायमचा शिक्का बसेल. पुढे नोकरीत आडवं येईल. मुलगी असेल तर लग्नाचं काय? व्हिसाला तर काही होणार नाही ना? या यादीत पुण्या-नाशिकहून येणाऱ्या फोनचाही वाटा असतो. आजी कळवळून सांगते, ‘कुणाला काही बोलू नका, नीट होईल हळूहळू.’ या भीतीला मी हसणार नाही. ती अनुभवातून आलेली आहे. खूप घरांनी आपल्या मुलाला एकेका शाळेच्या दारातून परत आणलेलं आहे. पण त्या भीतीपायी इथे मुलाच्या हक्काची मदत हातची जाते, म्हणून एकेका शंकेला उत्तर देते.

प्रवेशाचं आधी. भेदभावाला मनाई करणाऱ्या 2010 च्या इक्वॅलिटी अ‍ॅक्टनुसार अपंगत्व आहे म्हणून प्रवेश नाकारणं बेकायदा आहे. कोर्सला लागणारे ग्रेड नसतील तर तो भाग वेगळा, तो सगळ्यांना सारखा लागू होतो. फॉर्ममधली माहिती गोपनीय राहते, ज्यांना मदत करायची आहे त्यांच्यापुरतीच जाते. परीक्षेत एक्स्ट्रा टाइम घेतला हे प्रमाणपत्रावर छापलं जात नाही. नोकरी देणाऱ्याला कॉलेज आपण होऊन काही कळवत नाही.

व्हिसाचं दुसरं. वर्क व्हिसावर आलेल्या कुटुंबांच्या कागदावर ‘नो रिकोर्स टू पब्लिक फंड्स’, म्हणजे ठरावीक सरकारी भत्ते मागता येणार नाहीत, असं लिहिलेलं असतं आणि त्यामुळे आई-वडील कॉलेजातली मदतही मागायला घाबरतात. डीएलए किंवा पीआयपी हे अपंगत्वाचे सरकारी भत्ते त्या अटीत येतात, ते अशा कुटुंबांना मागता येत नाहीत, हे खरं आहे. पण कॉलेजातला मदतनीस, परीक्षेतली सवलत, ईएचसीपी (मुलाला लागणाऱ्या मदतीचा कायदेशीर आराखडा, त्याबद्दल पुढे सांगते), यांतली कुठलीच गोष्ट त्या अटीत मोडत नाही. ही माहिती नसल्यामुळे मुलांची वर्षं वाया गेलेली मी पाहिली आहेत आणि त्याचं मला फार वाईट वाटतं.

तिसरी शंका टक्क्यांची. ‘ताई, त्याचं अपंगत्व किती टक्के धरतील?’ हा प्रश्न मला जवळजवळ प्रत्येक मराठी पालक विचारतो. भारतात 2016 च्या कायद्यानुसार अपंगत्वाचे 21 प्रकार मानले जातात, पण आरक्षणासारख्या लाभांसाठी 40 टक्क्यांचा दाखला लागतो, म्हणून टक्के आपल्या डोक्यात पक्के बसलेले आहेत. इथल्या कायद्यात टक्के नाहीत. शारीरिक किंवा मानसिक अडचणीमुळे रोजच्या कामांवर ठळक परिणाम होतो का आणि ती अडचण बारा महिने किंवा त्याहून जास्त टिकणारी आहे का, एवढंच पाहिलं जातं. त्यामुळे व्हीलचेअरवरच्या मुलाबरोबर अपस्मार, मधुमेह, नैराश्य, स्वमग्नता आणि डिस्लेक्सिया असलेली मुलंही यात येऊ शकतात. ‘आमच्या मुलाचं तेवढं काही नाही’ असं म्हणून पालकांनी स्वतःच निकाल देऊन टाकू नये.

आता सांगितल्यावर काय होतं, ते एका मुलीच्या उदाहरणानं सांगते. ओळख कळू नये म्हणून थोडे तपशील बदलले आहेत. तिला केटरिंग शिकायचं होतं आणि तिची नजर खूप अधू होती. आईनं फेब्रुवारीतल्या मुलाखतीतच सगळं सांगितलं आणि डोळ्यांच्या दवाखान्याची पत्रंही आणली. जूनमध्ये मुलगी स्वतः आमच्या ट्रेनिंग किचनमध्ये येऊन तासभर फिरली. हात लावून काय कुठे आहे ते पाहिलं. इथल्या किचनमध्ये चिरायच्या फळ्यांना रंग ठरलेले असतात. कच्च्या मांसाला लाल, मासळीला निळी, सॅलडला हिरवी, दूध-बेकरीला पांढरी. पांढऱ्या फळीवर पांढरी कणीक तिला दिसतच नव्हती, कडा कुठे संपते ते कळत नव्हतं. शेफ-शिक्षकांनी त्या फळीऐवजी गडद रंगाची सिलिकॉनची चटई दिली. ओव्हनच्या बटणांवर ठरावीक अंशांपाशी उंचवट्याचे टिकल्यांसारखे स्टिकर लावले. बोलणारा वजनकाटा आणला. कपात पाणी काठाशी आलं की वाजणारं छोटं यंत्र आणलं. रेसिपी आदल्या दिवशी 24 पॉइंटच्या ठळक अक्षरांत ईमेलनं जायची, म्हणजे ती घरी वाचून यायची आणि वर्गात कागद डोळ्यांशी धरून वेळ घालवायची नाही. तिची जागा खिडकीला पाठ होईल अशी ठरवली, कारण समोरून येणाऱ्या उजेडात तिला काहीच दिसायचं नाही, आणि ती जागा वर्षभर कुणी बदलायची नाही असा नियम केला.

यात महागडं काही नव्हतं. लागला तो फेब्रुवारी ते सप्टेंबरमधला वेळ. हेच ऑक्टोबरात कळलं असतं तर तोवर ती चार-पाच वेळा भाजली असती आणि ‘हिला किचन जमणार नाही’ असं कुणीतरी ठरवून मोकळं झालं असतं.

दुसरा मुलगा इंजिनिअरिंगचा. त्याला अपस्मार होता आणि घरच्यांनी सांगितलं नव्हतं. वर्कशॉपमध्ये त्याला झटका आला. सुदैवानं तो तेव्हा लेथवर नव्हता, बाकावर बसून ड्रॉइंग बघत होता. पण शेजारी उभ्या शिक्षकांना काय चाललंय हेच कळेना. औषध कुठलं, झटका किती मिनिटं टिकतो, अ‍ॅम्ब्युलन्स कधी बोलवायची, यातलं काहीही कुणाला माहीत नव्हतं. त्या दिवशी त्याचे वडील धावत आले तेव्हा पहिलं वाक्य होतं, ‘त्याला काढून टाकणार का?’ त्याला कुणी काढलं नाही. त्याच्या डॉक्टरांना विचारून रिस्क असेसमेंट झालं, कुठल्या यंत्रावर कधी आणि कुणाच्या देखरेखीखाली काम करायचं ते ठरलं, आणीबाणीत काय करायचं त्याचा एक पानी कागद शिक्षकांकडे गेला. त्यानं कोर्स पुरा केला. हा कागद त्याच्या पहिल्या दिवशीच तयार असायला हवा होता.

परीक्षेचं गणित तर पूर्णपणे वेळेवरच चालतं. ज्या मुलांना इंग्रजी किंवा गणितात जीसीएसईची चौथी ग्रेड मिळालेली नसते, त्यांना कॉलेजात तो विषय चालू ठेवावा लागतो, आणि आमच्याकडे अशी मुलं खूप असतात. त्यांतल्या ज्यांना अपंगत्वामुळे गरज आहे त्यांना पंचवीस टक्के एक्स्ट्रा टाइम, वाचून दाखवणारा रीडर, लिहून देणारा स्क्राइब, वेगळी खोली, लॅपटॉप असं बरंच काही मिळू शकतं. इंग्रजीच्या वाचनाच्या भागात माणूस वाचून दाखवू शकत नाही, पण संगणकाच्या आवाजात ऐकायला परवानगी असते. हे कितीतरी पालकांना माहीत नसतं. पण ही सवलत आदल्या आठवड्यात मागून मिळत नाही. उन्हाळी परीक्षेच्या अर्जांची मुदत मार्चमध्ये संपते. त्याआधी कॉलेजला चाचण्या घ्याव्या लागतात आणि मुलगा एरवीही वर्गात असाच काम करतो हे पुराव्यानिशी दाखवावं लागतं. शेकडो पौंड मोजून खासगी रिपोर्ट आणला की काम झालं, असंही नाही. शिक्षकांच्या नोंदी नसतील तर तो एकटा रिपोर्ट पुरत नाही. म्हणून जुना रिपोर्ट असेल तर सप्टेंबरातच द्या आणि शाळेत कुठली सवलत मिळत होती ते सांगा.

ज्यांची गरज मोठी आहे त्यांच्यासाठी ईएचसीपी, म्हणजे एज्युकेशन, हेल्थ अँड केअर प्लॅन असतो. 2014 च्या चिल्ड्रन अँड फॅमिलीज अ‍ॅक्टनं तो आणला आणि शिक्षण चालू असेल तर तो पंचविसाव्या वर्षापर्यंत राहू शकतो. मागणी केल्यापासून अंतिम प्लॅन हाती येईपर्यंत वीस आठवड्यांची मुदत आहे. प्लॅन आधीपासून असेल आणि मूल शाळेतून कॉलेजात जाणार असेल, तर कौन्सिलनं (स्थानिक पालिकेनं) त्या वर्षीच्या 31 मार्चपर्यंत तो बदलून द्यायचा असतो. प्लॅनमध्ये कॉलेजचं नाव लिहिलं गेलं की त्या कॉलेजला प्रवेश द्यावाच लागतो. प्रत्यक्षात कौन्सिलं मुदती चुकवतात, नकारही देतात. अशा वेळी ट्रिब्युनलकडे (न्यायाधिकरणाकडे) दाद मागता येते. प्रत्येक कौन्सिलच्या हद्दीत सेंडियास नावाची मोफत सल्ला सेवा असते. ती कौन्सिलच्या बाजूनं बोलत नाही आणि पालकांकडून पैसे घेत नाही. आपले लोक नकाराचं पत्र आलं की गप्प बसतात. कृपा करून बसू नका, त्या पत्रावर मुदत लिहिलेली असते, ती संपायच्या आत सेंडियासला फोन करा.

आता मला सगळ्यात जास्त वेळ ज्यावर द्यावासा वाटतो ते सांगते. सोळाव्या वर्षी शाळेचं सक्तीचं वय संपलं की या कायद्यातले निर्णयाचे हक्क आई-वडिलांकडून मुलाकडे जातात. मीटिंग त्याची, प्लॅन त्याचा, हो-नाही त्यानं म्हणायचं. आणि आमच्या मीटिंगला आपली आई येते ती फाइल घेऊन, आणि प्रत्येक प्रश्नाचं उत्तर तीच देते. ‘त्याला गर्दी चालत नाही.’ ‘त्याला सारखं कुणीतरी जवळ लागतं.’ मुलगा टेबलाकडे बघत बसतो. त्या आईनं अकरा वर्षं शाळांशी भांडून हे सगळं मिळवलेलं असतं, तिला ‘तुम्ही थांबा’ म्हणणं मला जड जातं. तरी म्हणते. एका मीटिंगला मी स्वमग्न असलेल्या मुलाला सांगितलं, बोलायचं नसेल तर फोनवर टाइप कर. तो बराच वेळ टाइप करत राहिला. आई दोनदा बोलायला गेली, वडिलांनी तिचा हात दाबला. मुलानं लिहिलं होतं की त्याला शेजारी बसणारा मदतनीस नको आहे, कारण मग बाकीची मुलं त्याच्याशी बोलत नाहीत. त्याला प्रत्येक तास संपायच्या पाच मिनिटं आधी निघायचं होतं, म्हणजे जिन्यातली ढकलाढकली टळेल. आणि कॅन्टीनऐवजी लायब्ररीत डबा खायची परवानगी हवी होती. आमच्या कागदांत आठवड्याचे कितीतरी तास एकास एक मदत लिहिलेली होती. जिन्याचं कुणाला सुचलंच नव्हतं, आईलाही नाही आणि आम्हालाही नाही.

म्हणून पालकांना विनवते की मीटिंगच्या आदल्या दिवशी घरी, मराठीत, मुलाशी बसून बोला. तुला काय हवं ते विचारा आणि त्यानं सांगितलेलं त्याच्या शब्दांत लिहून आणा.

कॉलेजं सगळं नीट करतात असा माझा दावा अजिबात नाही. कायदा असं सांगतो की अपंग विद्यार्थी दारात येण्याची वाट न बघता कॉलेजनं आधीच विचार करून ठेवायचा. तरीही मी अशी इमारत पाहिली आहे जिथली लिफ्ट बंद पडली की व्हीलचेअरवरच्या मुलीचा वर्ग त्या दिवसापुरता संपतो, कारण खालच्या मजल्यावर खोली मोकळी ठेवायची हे वेळापत्रक करणाऱ्याच्या यादीत नसतं. आगीपासून बचावाचे दरवाजे इतके जड असतात की कुबड्या घेतलेल्या मुलाला कुणीतरी येईपर्यंत उभं राहावं लागतं. आग लागली तर त्याला बाहेर कसं काढायचं याचा वैयक्तिक प्लॅन, ज्याला आम्ही ‘पीप’ म्हणतो, तो कागदावर असतो, पण संध्याकाळच्या बदली शिक्षकाला दिलेला नसतो. 2018 पासून सरकारी पैशांवर चालणाऱ्या संस्थांच्या वेबसाइट सगळ्यांना वापरता याव्यात असा नियम आहे, तरी शिक्षक पुस्तकाची पानं स्कॅन करून टाकतात आणि पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या स्क्रीन रीडरला ते नुसतं चित्र दिसतं, त्यात अक्षर सापडत नाही. व्हिडिओला कॅप्शन नसतात. 1996 साली प्रा. जॉन टॉमलिन्सन यांच्या समितीनं याच कॉलेजांविषयी लिहून ठेवलं होतं की विद्यार्थ्यातली उणीव शोधत बसण्यापेक्षा शिकवणं त्याला जुळवून घ्या. त्याला आता तीस वर्षं होत आली. मला अजूनही प्रत्येक ऑगस्टमध्ये खोल्यांच्या यादीवर भांडावं लागतं.

अशा गोष्टी दिसल्या तर पालकांनी तक्रार करावी. लेखी करावी. रीझनेबल अ‍ॅडजस्टमेंटचा, म्हणजे अपंग विद्यार्थ्यासाठी कॉलेजनं करून द्यायच्या सोयींचा, खर्च विद्यार्थ्याकडून घेता येत नाही, हेही लक्षात ठेवा. कुणी ‘बजेट नाही’ म्हणालं तर ते कॉलेजनं कौन्सिलकडे मांडायचं दुखणं आहे, तुमच्या पाकिटाचं नाही.

दोन व्यावहारिक गोष्टी राहिल्या. कॉलेजचे तास शाळेसारखे पाच दिवस भरगच्च नसतात, बहुतेक कोर्स आठवड्यात तीन-चार दिवसांतच संपतात. नोकरी करणाऱ्या आई-वडिलांना उरलेल्या दिवसांचं काय करायचं हे सप्टेंबरात कळतं आणि कुणालातरी नोकरी सोडावी लागते, बहुतेक वेळा आईला. ईएचसीपी असलेल्यांसाठी कौन्सिलनं पाचही दिवसांचा विचार करावा असं 2015 च्या सेंड कोडमध्ये, म्हणजे विशेष गरजा असलेल्या मुलांबद्दलच्या सरकारी मार्गदर्शिकेत, लिहिलेलं आहे, ते मीटिंगमध्ये आवर्जून काढा. आणि शाळेची टॅक्सी कॉलेजला आपोआप चालू राहत नाही. सोळानंतरच्या प्रवासाचं धोरण प्रत्येक कौन्सिलला दर वर्षी 31 मेपर्यंत जाहीर करावं लागतं, ते वाचून लगेच अर्ज करा. मुलगा एकटा बसनं जाऊ शकेल असं वाटत असेल तर ट्रॅव्हल ट्रेनिंग मिळतं का तेही विचारा. बऱ्याच ठिकाणी कुणीतरी मुलाबरोबर त्याच्या बसमधून, त्याच्याच वेळेला, तो तयार होईपर्यंत येतं.

महाराष्ट्रातल्या आजी-आजोबांना हात जोडून एक विनंती. यंदा नातवंडाचा फॉर्म भरायची वेळ आली आणि मुलीचा किंवा सुनेचा फोन आला, तर ‘सांगू नका’ म्हणू नका. इथे ती आधीच एकटी असते. ‘खरं ते लिही’ हे तुमच्या तोंडून आलं तर तिला फार बळ येईल.

आणि इथल्या पालकांनी फॉर्म भरून झाला की कॉलेजच्या लर्निंग सपोर्ट विभागाला फोन करून ट्रान्झिशन व्हिजिट मागावी. जून-जुलैत परीक्षा संपल्या की इमारत शांत असते. तेव्हा मुलाला वर्ग, स्वच्छतागृह, लिफ्ट, बसस्टॉप सगळं एकदा दाखवता येतं. फॉर्मवर ‘नाही’ लिहून बसला असाल तरीही फोन करा, ते उत्तर कधीही बदलता येतं.

आपली,
लर्निंग सपोर्टमध्ये काम करणारी एक वाचक, इंग्लंड